एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रिव्हॉल्व्हर : संग्रह आणि साधनचिकित्सा

प्रस्तावना

सॅम्युअल कोल्ट हा सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा १८३० साली ‘कोर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून दाखल झाला. जहाज बोस्टनहून कलकत्त्याकडे निघाले होते. या प्रवासात सुकाणूचे चाक फिरताना आणि ठरावीक जागी अडकून स्थिर होताना पाहून त्याला फिरत्या पिस्तुलाची कल्पना सुचली व चाकूने लाकूड तासून त्याने तिचा नमुना बनविला, अशी कथा कोल्टच्या चरित्रांत आवर्जून येते. हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ ॲथेनियम या संग्रहालयात त्या नमुन्याचे लाकडी भाग आजही जपलेले आहेत. परंतु बोस्टनच्याच एलिशा कोलियरने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये चकमकीच्या फिरत्या पिस्तुलाचे पेटंट घेतलेले होते आणि अशी पिस्तुले हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली होती. कोल्टने जहाजाचे चाक पाहिले की कोलियरचे पिस्तूल, याचे उत्तर तो लाकडी तुकडा देऊ शकत नाही. वस्तू अस्सल असूनही तिच्याभोवतीची कथा अप्रमाणित राहू शकते.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना हा पेच नवा नाही. बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद करण्यातच येथील इतिहाससंशोधनाची एक संपूर्ण पिढी खर्ची पडली. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या संग्रहविश्वात नेमका हाच प्रश्न लोखंड, पितळ आणि लाकूड यांच्या संदर्भात उपस्थित होतो. हा संग्रह म्हणजे केवळ श्रीमंतांचा छंद, असे मानून इतिहासाचे अभ्यासक त्याकडे सहसा पाहत नाहीत. वास्तविक या वस्तूंचे बारकाईने वाचन करण्याची शिस्त विद्यापीठांच्या बाहेर, संग्राहकांनीच मोठ्या प्रमाणावर घडविली. त्याच वेळी ज्या पुराव्यावर ही शिस्त उभी आहे तो पुरावा नष्ट करण्याचे सर्वांत मोठे प्रलोभनही संग्राहकांच्या बाजारानेच निर्माण केले. या परस्परविरोधाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तांत्रिक व औद्योगिक पार्श्वभूमी

कोल्टला अमेरिकन पेटंट २५ फेब्रुवारी १८३६ रोजी मिळाले. घोडा मागे ओढताच गोळ्यांचे खण असलेले नळकांडे, म्हणजे सिलिंडर, एका खणाने फिरून नळीसमोर अचूक अडकावे, ही त्यातील मुख्य योजना होती. प्रत्येक खणात समोरून दारू आणि शिशाची गोळी ठासून भरावी लागे, आणि मागच्या बाजूच्या लहान टोकावर स्फोटक द्रव्याची तांब्याची टोपी बसवावी लागे. न्यू जर्सीतील पॅटरसन येथे काढलेला पहिला कारखाना १८४२ मध्ये बंद पडला. मेक्सिकोबरोबरच्या युद्धामुळे कोल्टला दुसरी संधी मिळाली. कॅप्टन सॅम्युअल वॉकर यांच्या सूचनांनुसार १८४७ मध्ये तयार झालेले ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर दोन किलोंहून अधिक वजनाचे होते. सैन्यासाठी १,००० आणि खाजगी विक्रीसाठी सुमारे १०० एवढीच त्याची निर्मिती झाली, तीही कोल्टचा स्वतःचा कारखाना नसल्याने एली व्हिटनी ज्युनियर यांच्या कारखान्यात. पुढे हार्टफर्ड येथे स्थिरावल्यावर मात्र उत्पादनाचे आकडे झपाट्याने वाढले. १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्याचे हार्टफर्डमध्ये दोन लाखांहून अधिक, तर लंडनमधील शाखेत सुमारे ४२,००० नग तयार झाले.

या प्रचंड उत्पादनामुळेच आजचा संग्रह शक्य झाला आहे. दुर्मिळता हा संग्राहकांचा आवडता शब्द असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने विपुलता अधिक मोलाची ठरते, कारण शेकडो नग शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय नेहमीचे काय आणि संशयास्पद काय, हे ठरविता येत नाही.

पेटंटांच्या इतिहासाचाही या वस्तूंवर थेट परिणाम झालेला दिसतो. आरपार छिद्र असलेल्या सिलिंडरचे पेटंट ३ एप्रिल १८५५ रोजी रोलिन व्हाइट याला मिळाले. पूर्वी कोल्टच्याच कारखान्यात काम केलेल्या या गृहस्थाकडून स्मिथ अँड वेसन कंपनीने प्रत्येक नगामागे २५ सेंट देण्याच्या बोलीवर हे हक्क घेतले व १८५७ मध्ये धातूच्या काडतुसाचे आपले पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. हे पेटंट १८६९ मध्ये संपेपर्यंत कोल्टला दारू, गोळी आणि टोपीची जुनी पद्धतच चालवावी लागली. अमेरिकन यादवी युद्ध प्रामुख्याने टोपीच्या रिव्हॉल्व्हरांनी लढले गेले, यामागे तांत्रिक अज्ञान नव्हते, तर कायदेशीर अडवणूक होती. १८७० नंतर जुन्याच टोपीच्या रिव्हॉल्व्हरांत फेरफार करून ती काडतुसांसाठी वापरण्यात आली. एकाच वस्तूवर दोन तंत्रयुगांच्या खुणा दाखविणारे हे नग बाजारात दीर्घकाळ दुय्यम मानले गेले, हे संग्राहकांच्या अभिरुचीविषयी बरेच काही सांगते.

वस्तूचे वाचन

अनुभवी संग्राहक रिव्हॉल्व्हर हाती घेतल्यावर प्रथम अनुक्रमांक पाहतो. कोल्टच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरांवर हा क्रमांक नळी, सांगाडा, चापाभोवतीचे कडे, मुठीची धातूची पट्टी आणि सिलिंडर या प्रत्येक भागावर उमटविलेला असे. लाकडी मुठीच्या आतल्या बाजूस तो अनेकदा शाईने लिहिलेला आढळतो. सर्व ठिकाणी एकच क्रमांक मिळाला तर ते भाग कारखान्यातून एकत्र बाहेर पडले असे मानण्यास आधार मिळतो. यंत्राने एकसारखे भाग बनविण्याची कोल्टची ख्याती मोठी होती. १८५१ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्समध्ये त्याने यंत्रनिर्मितीवर निबंधही वाचला होता. तरीही प्रत्येक भागावर क्रमांक घालण्याची गरज राहिली, याचे कारण शेवटची जुळणी कारागिराच्या हातातील कानशीच करीत असे. ‘अदलाबदल करता येण्याजोगे भाग’ या बहुचर्चित संकल्पनेची मर्यादा दाखविणारा हा पुरावा वस्तूवरच कोरलेला आहे.

दुसरी खूण म्हणजे सिलिंडरवरील चित्र. वॉटरमन ऑर्म्सबी या नोटा-छपाईच्या कोरक्याने बनविलेला ठसा सिलिंडरवर गुंडाळल्याप्रमाणे दाबून हे चित्र उमटवीत. १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्यावर १६ मे १८४३ रोजी टेक्सास व मेक्सिको यांच्या आरमारांत कांपेचे येथे झालेल्या लढाईचे दृश्य आहे. हे चित्र अत्यंत उथळ असल्याने वापराने आणि पॉलिशने ते सर्वप्रथम झिजते. नाविक युद्धातील शिडांच्या दोऱ्या स्पष्ट दिसत असतील तर त्या पृष्ठभागाला फारसा हात लागलेला नाही. चित्र पुसट असून वरची निळसर झिलई मात्र ताजी व एकसारखी असेल तर झिलई नंतरची आहे. येथे चित्र हे एक प्रकारे झिजेचे मोजमापच ठरते, जरी ठसा कोरणाऱ्याच्या मनात हा हेतू असणे शक्य नव्हते.

याशिवाय लहान खुणा असंख्य आहेत. मूळ पृष्ठभागाच्या कडा धारदार असतात. पॉलिशच्या चाकावर त्या गोल होतात. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. अक्षरांची एक बाजू उथळ होते. सांगाड्यावरील ढगाळ रंग हाडे व चामडे यांच्या कोळशात पोलाद तापवून पाण्यात बुडविल्याने येत असत, आणि ते उन्हाने व हाताळणीने मावळत जातात. ज्या ठिकाणी चामड्याच्या म्यानाचे घर्षण होते तेथेच झिलई उडालेली असावी. म्यान जेथे पोहोचत नाही तेथे ती उडालेली दिसली तर शंका घ्यावी.

लेखी मजकूरही फसवा असू शकतो. नळीवर न्यूयॉर्क शहराचा पत्ता असलेली कोल्टची बहुसंख्य रिव्हॉल्व्हरे न्यूयॉर्कमध्ये नव्हे, हार्टफर्डमध्ये बनलेली आहेत. रेमिंग्टन कंपनीचे ‘न्यू मॉडेल आर्मी’ १८६३ पासून तयार होऊ लागले, पण नळीवर १४ सप्टेंबर १८५८ ही पेटंटची तारीख असल्याने ते ‘१८५८ चे रेमिंग्टन’ या चुकीच्या नावानेच सर्वत्र ओळखले जाते. वस्तूवर कोरलेली तारीख म्हणजे निर्मितीची तारीख नव्हे, एवढा साधा नियम विसरल्याने झालेली ही चूक आता आधुनिक प्रतिकृतींच्या नावांतही कायमची जाऊन बसली आहे.

प्रतवारी आणि प्रलोभन

अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशनने प्राचीन शस्त्रांसाठी प्रतवारीची परिमाणे ठरविली आहेत. ‘एक्सलंट’ श्रेणीसाठी सर्व भाग मूळचे आणि मूळ झिलई ८० टक्क्यांहून अधिक असावी लागते, ‘फाइन’साठी ती ३० टक्क्यांहून अधिक चालते, ‘व्हेरी गुड’मध्ये झिलई अत्यल्प असली तरी भाग मूळचेच हवेत. नॉर्मन फ्लेडरमन यांच्या १९७७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या किंमत-मार्गदर्शिकेने ही भाषा सामान्य संग्राहकापर्यंत पोहोचविली. व्यवहारासाठी ती उपयुक्त आहे यात वाद नाही. परंतु टक्केवारीला पैशाचे मोल आले की टक्केवारी वाढविणारे हातही तयार होतात. उडालेली झिलई पुन्हा चढविणे, पुसट अक्षरे पुन्हा कोरणे, खड्डे वितळलेल्या धातूने भरणे, वेगळा क्रमांक घासून जुळता क्रमांक ठोकणे या सर्व क्रिया अशा लोभातून घडतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे १८७३ चे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’. अमेरिकन सैन्याने पहिल्या करारात ८,००० नग मागविले आणि त्यांची तपासणी करणाऱ्या ऑर्व्हिल एन्सवर्थ याच्या ‘ओ. डब्ल्यू. ए.’ या आद्याक्षरांचा शिक्का त्यांवर पडला. २५ व २६ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न येथे लाकोटा, शायेन व अरापाहो योद्ध्यांनी सेव्हन्थ कॅव्हलरीचा पराभव केला तेव्हा त्या दलाकडे याच सुरुवातीच्या तुकड्यांतील रिव्हॉल्व्हरे होती. त्यामुळे हा शिक्का असलेल्या नगांना प्रचंड किंमत येते, आणि साहजिकच तो बनावट मारला जाण्याचे प्रमाणही मोठे आहे. वस्तुतः शिक्का तपासणीची साक्ष देतो, रणांगणाची नव्हे. रणांगणाविषयी विश्वसनीय माहिती मिळाली ती अन्य मार्गाने. १९८३ च्या वणव्यात तेथील गवत जळून जमीन उघडी पडल्यावर डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी १९८४ व १९८५ मध्ये उत्खनन केले. सापडलेल्या काडतुसांच्या कवचांवरील आघाताच्या खुणा गुन्हे-अन्वेषणाच्या पद्धतीने ताडून प्रत्येक बंदूक मैदानात कोठून कोठे सरकत गेली, हे त्यांना दाखविता आले. गंजलेल्या, बाजारात कवडीमोल ठरणाऱ्या कवचांनी जे सांगितले ते काचेच्या पेटीतील चकचकीत रिव्हॉल्व्हरांना सांगता आले नव्हते.

याच नमुन्याचा दुसरा प्रकार अधिक उद्बोधक आहे. १८९० च्या दशकात सैन्याने जुनी रिव्हॉल्व्हरे परत मागवून त्यांच्या साडेसात इंची नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या. दुरुस्तीच्या वेळी सुटे केलेले भाग पुन्हा जोडताना क्रमांक जुळविण्याची तसदी अनेकदा घेतली गेली नाही. संग्राहक ज्यांना ‘आर्टिलरी’ नमुना म्हणतात त्या या नगांत सांगाडा एका क्रमांकाचा, नळी दुसऱ्या आणि सिलिंडर तिसऱ्याच क्रमांकाचा आढळतो. ‘सर्व क्रमांक जुळणे म्हणजे अस्सल’ हा नियम येथे उलटा होतो. विजोड क्रमांक हाच सरकारी दुरुस्तीचा पुरावा ठरतो. अशा नगाला मूळची लांब नळी व जुळते क्रमांक देऊन ‘सुधारणारा’ कारागीर एक घोडदळी रिव्हॉल्व्हर निर्माण करीत नाही, तर सैन्याच्या शस्त्रागाराची एक नोंद पुसून टाकतो.

दक्षिणेतील पितळी रिव्हॉल्व्हर

यादवी युद्धात दक्षिणेतील राज्यांकडे कारखाने थोडे होते. जॉर्जियातील ग्रिसवोल्डव्हिल येथे कापसातील सरकी काढण्याची यंत्रे बनविणाऱ्या सॅम्युअल ग्रिसवोल्ड याने १८६२ पासून कोल्टच्या ‘नेव्ही’ची नक्कल सुरू केली. लोखंडाच्या टंचाईमुळे सांगाडा पितळेचा आणि सिलिंडर पीळ दिलेल्या लोखंडाचा असे. त्या पिळाच्या तिरप्या रेषा अस्सल नगांवर बारकाईने पाहिल्यास दिसतात. सुमारे ३,७०० नग तयार झाल्यावर नोव्हेंबर १८६४ मध्ये संघराज्याच्या घोडदळाने हा कारखाना जाळला. येथे काम करणाऱ्या चोवीस जणांपैकी बावीस जण गुलाम होते.

संग्राहकांच्या साहित्यात ही शेवटची बाब बहुधा एका वाक्यात उरकली जाते आणि चर्चा पितळेच्या छटेकडे वळते. गुलामी टिकविण्यासाठी लढणाऱ्या सैन्याची शस्त्रे गुलामांच्याच हातांनी घडली. त्यांची नावे नळीवर नाहीत. या रिव्हॉल्व्हरांच्या भागांवर अनुक्रमांकाशिवाय काही सुटी, गूढ अक्षरे ठोकलेली आढळतात. त्यांचा उपयोग संग्राहक आज केवळ अस्सलपणा ठरविण्यासाठी करतात. श्रमाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने ती त्याहून वेगळ्या कुतूहलाने पाहायला हवीत, आणि म्हणूनच त्यांची हानी ही केवळ किमतीची हानी नाही. या नगांचे बनावटीकरण मात्र फार सोपे झाले आहे. यादवी युद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीतील गार्दोने व्हाल त्रोम्पिया परिसरात टोपीच्या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती बनू लागल्या. त्यांपैकी पितळी सांगाड्याच्या प्रतीवरील आधुनिक चिन्हे घासून तिला आम्लाने गंज आणला की नवशिक्या ग्राहकासाठी ‘दक्षिणेचे’ रिव्हॉल्व्हर तयार होते. पिळाच्या रेषा मात्र आणता येत नाहीत.

नोंदवह्या आणि आख्यायिका

वस्तूखेरीज दुसरा आधार कारखान्यांच्या रवानगीच्या वह्यांचा. कोल्ट कंपनीचा अभिलेख विभाग शुल्क घेऊन विशिष्ट क्रमांकाचा नग कोणत्या दिवशी, कोणत्या स्वरूपात व कोणत्या व्यापाऱ्याकडे पाठविला याचे पत्र देतो. नळीची लांबी, झिलईचा प्रकार, मुठीचे साहित्य या नोंदी बनावट फेरफार उघडे पाडण्यास पुरेशा असतात. पण वही व्यापाऱ्याच्या दुकानाशी थांबते. त्यापुढे ते रिव्हॉल्व्हर कोणाच्या कमरेला होते, हे तिला ठाऊक नसते. आख्यायिका नेमकी याच रिकाम्या जागेत वाढते.

ही जागा योग्य रीतीने भरल्याचे एक उदाहरण उपलब्ध आहे. १४ जुलै १८८१ रोजी शेरीफ पॅट गॅरेट याने ज्या कोल्टने ‘बिली द किड’ला ठार केले ते रिव्हॉल्व्हर २७ ऑगस्ट २०२१ रोजी बॉनहॅम्सच्या लिलावात ६० लाख डॉलरहून अधिक किमतीस विकले गेले. या किमतीमागे झिलईचा वाटा नगण्य होता. हे शस्त्र आपण बिली विल्सन नावाच्या गुन्हेगाराकडून घेतल्याचे गॅरेटने स्वतः १९०६ मध्ये लिहून ठेवले होते. पुढे ते एल पासो येथील एका गुत्तेमालकाकडे गेले, आणि त्याच्या मृत्यूनंतर गॅरेटच्या विधवेने १९३० च्या दशकात न्यायालयात दावा लावून ते परत मिळविले. वादी-प्रतिवादींनी एकमेकांविरुद्ध केलेले हे भांडण आज मालकीपरंपरेचा सर्वांत भक्कम दस्तऐवज ठरले आहे. कुटुंबातील आठवणीपेक्षा खटल्याचे कागद अधिक विश्वासार्ह ठरावेत, हे पेशवाईतील वतनाच्या तंट्यांचे निवाडे वाचणाऱ्यास अपरिचित वाटणार नाही.

कायदा आणि भारतीय संदर्भ

अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८ पर्यंत निर्मिलेली शस्त्रे ‘प्राचीन’ मानली जातात व संघराज्याच्या बहुतेक निर्बंधांतून मुक्त असतात. राज्यांचे कायदे निराळे आहेत. या सीमारेषेमुळे निर्मितीचे वर्ष हा कायदेशीर प्रश्न बनतो. ‘सिंगल ॲक्शन आर्मी’चे उत्पादन ही रेषा ओलांडून १९४० पर्यंत चालू राहिले असल्याने अनुक्रमांकाचा अर्थ लावणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

भारतातही या वस्तू अगदीच परक्या नाहीत. ब्रिटिश अधिकारी आपले पिस्तूल पदरमोड करून विकत घेत, आणि १८५७ च्या उठावाच्या काळात त्यांच्याजवळ ॲडम्सच्या इंग्लिश रिव्हॉल्व्हरांबरोबर कोल्टची ‘नेव्ही’ही होती. लंडन शाखेतील नगांवर कर्नल कोल्टचा लंडनचा पत्ता व ब्रिटिश चाचणीचे शिक्के असतात, आणि चापाभोवतीचे कडे बहुधा पितळेऐवजी लोखंडाचे असते. भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रास सूट आहे, पण ते दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे अशी अट तिला जोडलेली आहे. २०२० मध्ये शस्त्र नियमांत दुरुस्ती करून ‘क्युरिओ’ वर्गातील लहान शस्त्रे बाळगण्यास सवलत देण्यात आली. वापर वा वाहतुकीसाठी परवान्याची आवश्यकता कायम आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही अट समर्थनीय आहे. तथापि शस्त्र निरुपयोगी करण्याच्या नावाखाली नळीत शिसे ओतणे किंवा सिलिंडरला भोके पाडणे यांमुळे नळीतील पीळ, खणांची झीज व आतील क्रमांक हा सारा पुरावा एका तासात नाहीसा होतो. एखाद्या संस्थेकडे किंवा कुटुंबाकडे असे रिव्हॉल्व्हर असल्यास कायदेशीर पूर्तता प्रथम करावी, आणि घासपूस, तेल किंवा छिद्र यांपैकी काहीही होण्यापूर्वी प्रत्येक भागावरील क्रमांक, शिक्के व मुठीच्या आतील शाईच्या खुणा यांची छायाचित्रांसह नोंद करून ठेवावी.